घर, कुंपण आणि शीव : चांदा प्रदेशातील निवासदात्यांच्या जबाबदारीचा इतिहास

घराची सुरक्षितता हा विषय सामान्यतः भिंत, छप्पर आणि दार या तीन गोष्टींपुरता मर्यादित मानला जातो. चांदा प्रदेशाच्या इतिहासाकडे पाहता ही समजूत अपुरी ठरते. चांदा प्रदेश म्हणजे वर्धा व वैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांतील आणि त्यांच्या पूर्वेस इंद्रावतीपर्यंत पसरलेला तो वनमय मुलूख होय, जो दीर्घकाळ एकच जिल्हा होता आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी ज्याचे चंद्रपूर व गडचिरोली असे दोन जिल्हे झाले. या मुलखात माणूस घरात क्वचितच दगावतो. तो दगावतो घराच्या मागील वाडीत, गोठ्याच्या दाराशी, विहिरीच्या वाटेवर, पहाटे बाहेर जाण्याच्या जागेवर, अथवा रात्रीची पाळी आटोपून परतताना. घराचे दार आणि जंगलाची सुरुवात यांच्या मधला हा जो पट्टा, त्यास मराठीत नेमका शब्द नाही. शीव म्हणावे तर ती गावाची. कुंपण म्हणावे तर ते एका घराचे.

प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या पट्ट्याच्या राखणीचा. ज्यांनी ज्यांनी येथे इतरांस राहण्याची जागा दिली, त्यांस सोयीसाठी ‘निवासदाता’ असे म्हणता येईल. यांत गोंड राजे येतात, मालगुजार येतात, वनखाते येते. पुढे खाणमालक, कागद गिरणी, वीज मंडळ आणि घरकुल देणारे शासनही येते. यांपैकी कोणी घरापलीकडच्या पट्ट्याची जबाबदारी घेतली व कोणी ती दाराशीच सोडून दिली, हे पाहिले असता या प्रदेशातील वस्तीच्या इतिहासाचा एक दुर्लक्षित पैलू उजेडात येतो.

चंद्रपूर शहराच्या स्थापनेची परंपरागत कथा सुपरिचित आहे. बल्लारपूरचा राजा खांडक्या बल्लाळशहा झरपट नदीच्या काठी शिकारीस आला असता एका सशाने त्याच्या कुत्र्याचा पाठलाग केला आणि ससा ज्या मार्गाने धावला त्या मार्गाने तटाची आखणी झाली, असे ती कथा सांगते. कथेचा ऐतिहासिक भाग किती आणि कल्पित किती, हा प्रश्न येथे बाजूस ठेवता येईल. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, या कथेत प्रथम राजवाडा किंवा मंदिर येत नाही. प्रथम येते ती वस्तीची कड. तट पुरा होण्यास पुढील कित्येक राजांच्या कारकिर्दी लागल्या. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा हे चार दरवाजे, आणि हनुमान, विठोबा, बगड, चोर व मसण या पाच खिडक्या अशी त्याची रचना आहे. सुमारे साडेपाच मैल घेराचा हा तट त्या काळच्या लोकवस्तीच्या मानाने फारच मोठा होता; एकोणिसाव्या शतकातही त्याच्या आत सुट्या सुट्या वस्त्या आणि नांगरलेली शेते होती, असे इंग्रजी वर्णनांवरून दिसते. अर्थात ज्याने तट घातला त्याने घरांसमवेत गुरे, धान्य आणि पाणी यांनाही आत घेतले.

मे १८१८ मध्ये इंग्रजी तोफांनी हा तट फोडला आणि त्याचे लष्करी प्रयोजन संपले. तथापि तटाचे दुसरे एक काम शिल्लक राहिले. इरई व झरपट या नद्या शहरास वेढून जातात. वर्धेस पूर आला म्हणजे इरईचे पाणी तुंबून मागे फिरते आणि पठाणपुरा दरवाज्यापर्यंत येते. २००६, २०१३ व २०२२ या वर्षीच्या पुरांत ज्या वस्त्यांत पाणी शिरले त्यांत तटाबाहेर, नदीच्या पात्रालगत उभ्या राहिलेल्या वस्त्या प्रमुख होत्या. गोंडकालीन आखणी करणाऱ्यांनी नदीचा स्वभाव जाणला होता, असे म्हणण्यास यावरून आधार मिळतो. तटाबाहेर घरे बांधू देणाऱ्यांनी तो जाणला होता असे म्हणता येत नाही.

शहराच्या तटाविषयी इतके पुरे. या प्रदेशातील बहुसंख्य लोक तटाच्या आत कधीच राहिले नाहीत. ते राहिले कुडाच्या भिंतींच्या, गवताने किंवा कवेलूंनी शाकारलेल्या घरांत. आणि त्यांचा तट म्हणजे काट्यांचे कुंपण होय.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर चांदा जिल्ह्यात मालगुजारी पद्धती रूढ झाली. मेजर ल्यूसी स्मिथ याने केलेल्या जमीनबंदोबस्ताचा अहवाल १८६९ चा आहे. या पद्धतीत गावठाणाची जागा मालगुजाराच्या ताब्यात असे. मात्र गावात शेती करणाऱ्या रयतेस व तिची कामे करणाऱ्या कारागिरांस घरापुरती जागा बिनभाड्याने देणे त्यास भाग होते. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे निस्तार. घरासाठी बल्ल्या व बांबू, छपरासाठी गवत, जळणासाठी लाकूड आणि कुंपणासाठी काटे गावालगतच्या जंगलातून व झुडपी रानातून घेण्याची जी मुभा रयतेस होती, तिला निस्तार हे नाव आहे. आणि तिच्या अटी गावोगावच्या वाजिब-उल-अर्ज या कागदात नोंदविल्या जात. निस्ताराचा विचार बहुधा जळणाच्या संदर्भात केला जातो. परंतु काट्यांचा उल्लेख तेथे सहज आलेला नाही. बोरी-बाभळीच्या काट्यांचे दरवर्षी नव्याने घातलेले कुंपण हेच वाडीतील गुरांचे, पिकाचे आणि मुलाबाळांचे संरक्षण होते. काटा तोडला म्हणजे गावालगतचे झुडूप कमी होई, आणि तेच झुडूप कुंपण बनून घराभोवती उभे राही. श्वापदांना दडण्याची जागा काढून घेणे व वाट अडविणे ही दोन कामे एकाच कोयत्याने होत. ही व्यवस्था कोणी योजनापूर्वक आखली होती असे नव्हे. गरजेतून ती सिद्ध झाली होती, आणि म्हणूनच ती मोडली तेव्हा काय मोडले हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

मालगुजार चांगला असो वा वाईट, त्याची स्वतःची गुरे याच शिवारात चरत आणि त्याचा वाडाही याच गावात असे. गावाची कड निर्धोक ठेवण्यात त्याचा स्वार्थ होता. पूर्वेकडील अहेरीसारख्या विस्तीर्ण जमीनदाऱ्यांत स्थिती निराळी होती. तेथे जमीनदार दूर आणि जंगल सभोवार. माडिया गोंडांच्या पाड्यांत घरे एकमेकांस चिकटून नसतात; प्रत्येक घराची वाडी वेगळी, तिला स्वतंत्र कूड किंवा कुंपण असते. गवती छपरांच्या वस्तीत एका घराची आग दुसऱ्यास लागू नये हे या विरळपणाचे एक कारण असावे. गोटुल ही गावातील सामाईक जागा. तिच्याविषयी बाहेरच्या लेखकांनी पुष्कळ लिहिले, त्यांतील बरेचसे अनावश्यक कुतूहलाने लिहिले. तरुण मंडळी रात्री जेथे जमतात आणि जेथे विस्तव राहतो ती जागा गावाच्या राखणीसही उपयोगी पडते, या साध्या गोष्टीकडे त्या मानाने लक्ष गेले नाही.

निवासदाता या नात्याने वनखात्याचा इतिहास सर्वांत गुंतागुंतीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या आणि त्यांच्या आत असलेली वस्ती प्रथम नकोशी ठरली. पुढे अनुभव असा आला की, तोडीस, लागवडीस, रस्त्यांस व वणवा विझविण्यास माणसे मिळत नाहीत. तेव्हा खात्याने स्वतःच राखीव जंगलाच्या आत गावे वसविण्यास आरंभ केला. ही वनग्रामे होत. येथे राहणाऱ्यास घराची जागा, कसण्यापुरती जमीन, घरासाठी लाकूड, बांबू व गवत मिळे. मोबदल्यात ठरलेल्या मजुरीवर खात्याचे काम करणे आणि वणवा लागताच धावून जाणे त्यास बंधनकारक असे. जमिनीवर मालकी नव्हती. काम टाळणारा किंवा नियम मोडणारा बाहेर काढला जाऊ शकत होता. भाडेकरूची ही स्थिती कोणत्याही दृष्टीने हेवा करण्यासारखी नव्हती.

असे असले तरी घरालगतच्या पट्ट्याच्या दृष्टीने पाहता वनग्रामाची व्यवस्था आश्चर्यकारक रीतीने पूर्ण होती. जंगल खात्याचे, घराची जागा खात्याची आणि या दोहोंमधला पट्टाही खात्याचाच. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा साफ करणे हे खात्याचे नेमाचे काम होते. जाळरेषा म्हणजे झाडोरा काढून व पालापाचोळा जाळून मोकळी केलेली पट्टी, की जिच्या अलीकडे वणवा येऊ नये. ती जंगल वाचविण्यासाठी असे हे खरे. परंतु गवती छपरांचे वनग्राम त्याच जंगलात वसले असल्याने एकाच्या बचावात दुसऱ्याचाही बचाव होता. जाळरेषा काढणारे मजूर त्या वनग्रामातलेच होते. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या ७९ व्या कलमाने वणवा विझविण्यास मदत करण्याचे कर्तव्य जंगलातील हक्कदारांवर व तेथे काम करणाऱ्यांवर घातले आहे. कायद्याने कर्तव्य रहिवाशांवर टाकले. त्यांचे घर जळू नये हे कर्तव्य मात्र त्यात कोणाचेही नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात दोन निरनिराळ्या घटनांनी जुनी घडी विस्कटली. मालगुजारी नाहीशी करणारा मध्यप्रांताचा कायदा १९५० चा असून त्याचा अंमल १९५१ च्या मार्चअखेरपासून झाला. मालगुजारांची जंगले शासनाकडे आली व निस्ताराचा प्रश्न आता गावच्या वाड्यावर न सुटता कचेरीत सुटू लागला. दुसरी घटना म्हणजे बांबूचे मोल बदलले. १९४५ मध्ये बल्लारपूर येथे थापर यांच्या कागद गिरणीची स्थापना झाली आणि चांद्याच्या जंगलातील बांबू तिला कच्चा माल म्हणून मिळू लागला. गिरणीने आपल्या कामगारांसाठी बल्लारपुरात वसाहत बांधली. ज्या बांबूने पाड्यातील भिंत, कणगी आणि कूड बनत असे, तोच बांबू आता दुसऱ्या कोणाच्या पक्क्या घराचे वेतन बनला. यात गिरणीचा दोष किती आणि शासनाच्या धोरणाचा किती, याची चर्चा पुढे पुष्कळ झाली. गावकऱ्यांच्या कुंपणाचा हिशेब मात्र त्या चर्चेत क्वचितच आला.

याच काळात घराच्या आतील शत्रूवरही मोहीम निघाली. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. घरांच्या आतील भिंतींवर डीडीटी फवारणे हे त्याचे मुख्य साधन. औषध भिंतीवर टिकून राहावे व तेथे विसावणारा डास मरावा, हे त्यामागील तत्त्व आहे. परंतु कुडाच्या भिंतीवर माती-शेणाचे लिंपण दर सणाला नव्याने चढते, आणि लिंपण चढले की फवारा त्याखाली गाडला जातो. शिवाय बांबूच्या विणीच्या भिंतीस फटी असतात, व उन्हाळ्यात माणसे भिंतीच्या आत झोपतच नाहीत. घर कसे बांधले आहे व कसे वापरले जाते, हे न पाहता घराची सुरक्षा ठरविता येत नाही, याचे हे चांगले उदाहरण होय. गडचिरोली जिल्ह्यात हिवताप आजही मोठ्या प्रमाणावर आढळतो. औषध लावलेल्या मच्छरदाण्यांचा मार्ग पुढे आला तो काही अंशी या अनुभवातूनच.

कोळशाच्या खाणींची हकिगत थोडक्यात सांगता येईल. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ मध्ये बंद झाली आणि बल्लारपूरची खाण पुढे आली. नंतर घुग्गुस, चांदा, माजरी या भागांत खाणी पसरल्या. आरंभीच्या खाणमालकांनी कामगारांस दिलेली घरे म्हणजे एका खोलीच्या रांगा. १९४४ च्या वटहुकुमाने व त्यानंतर १९४७ च्या कायद्याने कोळशावर उपकर बसवून कामगार कल्याण निधी उभारण्यात आला. त्यातून घरे, दवाखाने व हिवतापविरोधी कामे यांस पैसा मिळाला. निवासदात्याने घराबरोबर आरोग्याचीही जबाबदारी उचलावी, हे तत्त्व येथे प्रथम कायद्यात आले, ही या निधीची खरी कामगिरी म्हणावी लागेल. १९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले व १९७५ पासून या भागातील खाणी वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीकडे आहेत.

या सर्वांहून वेगळा असा एक निवासदाता वरोऱ्याजवळ निर्माण झाला. बाबा आमटे यांनी १९५१ मध्ये सहा कुष्ठरोग्यांसह आनंदवनात वस्ती केली, तेव्हा शासनाने दिलेली ती जमीन खडकाळ, झुडपांनी भरलेली व सापविंचवांची होती. कुष्ठरोगाने ज्याच्या हातापायांची संवेदना गेली आहे त्याला काटा रुतलेला कळत नाही, तापलेले भांडे कळत नाही, झोपेत उंदराने बोट कुरतडले तरी कळत नाही. अशा माणसासाठी घर आणि अंगण यांत फरक करताच येत नाही; अंगणातील प्रत्येक खडा हा घराचाच दोष ठरतो. आनंदवनात प्रथम विहिरी खणल्या गेल्या व जमीन साफ झाली, आणि हे काम राहणाऱ्यांनीच केले. निवासदाता आणि रहिवासी येथे एकच होते, त्यामुळे पट्टा कोणाचा हा प्रश्नच उद्भवला नाही.

तो प्रश्न अत्यंत तीव्रतेने उद्भवला तो चंद्रपूर शहराच्या उत्तरेस. चंद्रपूर औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. केंद्रासाठी इरई नदीवर धरण झाले, हजारो हेक्टर जमीन संपादित झाली आणि कर्मचाऱ्यांसाठी ऊर्जानगर ही वसाहत वसली. तिला लागून दुर्गापूरची वस्ती व वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आहेत. वसाहतीचा आतील भाग आखीव आहे: रस्ते, दिवे, शाळा, दवाखाना, पहारेकरी. सुरक्षेच्या प्रचलित कल्पनेप्रमाणे तेथे काहीही उणे नव्हते. परंतु संपादित जमिनीचा मोठा भाग वापराविना पडून राहिला. खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर उभे राहिले आणि त्यांवर वेड्या बाभळीचे दाट रान माजले. ही बाभूळ कोणी निस्तारासाठी तोडत नव्हते, कारण जमीन कारखान्याची होती व आत जाण्यास मनाई होती. गावाच्या काठी जे झुडूप कोयत्याने मर्यादेत राहिले, ते येथे प्रथमच निर्वेध वाढले. रानडुकरे आली, वस्तीच्या कचऱ्यावर भटकी कुत्री व डुकरे पोसली गेली, त्यांच्यामागे बिबटे आले. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ चे, अंधारी अभयारण्य १९८६ चे, आणि या दोहोंचा व्याघ्रप्रकल्प १९९५ चा. संरक्षणामुळे तेथे वाघ वाढले व जागेच्या शोधात बाहेर पडले. त्यांना केंद्राच्या आवारात पाणी, आडोसा व भक्ष्य ही तिन्ही मिळाली, आणि वाघिणींनी तेथे पिलेही वाढविली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये लागोपाठच्या दोन रात्री या परिसरात दोन बळी गेले. पहिल्या रात्री कामावरून घरी परतणारा एक कामगार वाघाच्या हल्ल्यात मरण पावला. दुसऱ्या रात्री दुर्गापूर भागात एका किशोरवयीन मुलास बिबट्याने उचलले. त्यानंतरच्या उन्हाळ्यातही दुर्गापुरात बिबट्याचे हल्ले होत राहिले. लोकांचा क्षोभ प्रथम वनखात्यावर झाला, आणि तो स्वाभाविक होता; वाघ खात्याचा मानला जातो. परंतु थोड्याच दिवसांत वेगळा प्रश्न पुढे आला. हल्ला झालेली जमीन वनखात्याची नव्हती. झुडूप वीज केंद्राच्या व कोळसा कंपनीच्या जागेत होते. दिवे लावणे, झुडूप काढणे, कचरा उचलणे, भिंत घालणे ही कामे निवासदात्यांची होती. पिंजरा लावणे व श्वापद पकडणे हे वनखात्याचे. आणि दुर्गापूरची वस्ती ग्रामपंचायतीची. एकाच पट्ट्यास तीन धनी मिळाले, म्हणजे व्यवहारात एकही धनी राहिला नाही. झुडपे तोडण्याची मोहीम निघाली, दिवे वाढविण्याची व कुंपणाची मागणी झाली, काही श्वापदे पकडण्यात आली. वेडी बाभूळ मात्र बुंध्यापासून पुन्हा फुटते; एका वर्षाच्या मोहिमेने तिचा बंदोबस्त होत नाही. जे काम गावकरी दरवर्षी करीत, ते करण्यास कारखान्याला दरवर्षी निविदा काढावी लागते.

आणखी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. वसाहतीतील घर हे कायम नोकरास मिळते. त्याच कारखान्यात राबणारे कित्येक मजूर वसाहतीबाहेर, दुर्गापूरसारख्या वस्त्यांत, पत्र्याच्या छपराखाली राहतात. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांवर जातो. अशा रात्री पत्र्याखाली निजणे अशक्य होते, म्हणून माणसे बाज उचलून अंगणात आणतात. बिबट्याच्या दृष्टीने अंगणात निजलेले मूल आणि गोठ्याबाहेर बांधलेले वासरू यांत फारसे अंतर नाही. उष्णतेपासून बचाव आणि श्वापदापासून बचाव या दोन गरजा अशा वेळी परस्परविरोधी होतात, व त्यांतील निवड ज्याच्या घराला जाड भिंत आणि पंखा आहे त्याला करावी लागत नाही.

धोका केवळ बाजूने येतो असेही नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्गुस येथील अमराई वॉर्डात एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. घरातील मंडळी हादरा जाणवताच बाहेर धावली म्हणून वाचली. खाली जुनी, बंद पडलेली भूमिगत खाण होती. शेजारच्या कुटुंबांना तेथून हलवावे लागले. हे घर कोणा खाणमालकाने दिलेले नव्हते. ज्यांना खाणीच्या रांगांत जागा मिळाली नाही अथवा ज्यांचा खाणीशी संबंधच नव्हता, अशांची ती वस्ती होती. खाणमालकाने आपल्या कामगारास दिलेल्या घराची काळजी वाहिली. आपण पोखरलेल्या जमिनीवर दुसऱ्याने बांधलेल्या घराची काळजी कोणाची, याचा विचार कल्याण निधीच्या कायद्यात नव्हता.

आजचा सर्वांत मोठा निवासदाता म्हणजे घरकुल योजना राबविणारे शासन होय. २०१६ मध्ये नव्या स्वरूपात सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरविण्यात आले, आणि गडचिरोलीसारख्या अडचणीच्या जिल्ह्यांसाठी प्रत्येक घरामागे १ लाख ३० हजार रुपयांचे साहाय्य ठेवण्यात आले. आदिवासींसाठी राज्याची शबरी घरकुल योजना आहे. पक्की भिंत व फरशी यांमुळे साप, विंचू व आग यांचे भय बरेच कमी होते, याबद्दल वाद नाही. परंतु हे साहाय्य चार भिंतींचे आहे. त्यात गोठा नाही, वाडी नाही, कुंपण नाही. नव्या घरालगत जुन्या कुडाचे घर तसेच उभे ठेवण्याची आणि गुरे, धान्य व चूल तेथेच राखण्याची रीत पुष्कळ गावांत दिसते. तिला हटवाद म्हणणे योग्य होणार नाही. नव्या घरात जे दिलेले नाही ते लोकांनी जुन्या घरात सांभाळले आहे, इतकाच तिचा अर्थ.

व्याघ्रप्रकल्पाच्या भोवतालच्या गावांत वनखाते अलीकडे पुन्हा एक प्रकारे निवासदात्याच्या भूमिकेत आले आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून गावांस सवलतीने स्वयंपाकाचा गॅस, शौचालये व सौर कुंपणासाठी मदत मिळते. या यादीतील प्रत्येक वस्तू त्या पट्ट्याशी निगडित आहे. गॅस आला की सरपणासाठी पहाटे रानात जाणे टळते. शौचालय आले की अंधारात झुडपाआड बसणे टळते. मोहर्ली परिक्षेत्रातील सीतारामपेठ येथे गावाच्या कडेला कॅमेरे बसवून वाघ दिसताच इशारा देण्याचा प्रयोगही झाला आहे. दुसरा मार्ग म्हणजे वस्तीच हलविणे. प्रकल्पाच्या गाभ्यातील बोटेझरी व कोळसा येथील काही कुटुंबांचे २००७ मध्ये मूल तालुक्यातील भगवानपूर येथे पुनर्वसन झाले. एके काळी ज्या खात्याने माणसांना जंगलाच्या आत वसविले, त्याच खात्याने त्यांच्या वंशजांना बाहेर नेऊन घरे दिली.

या पार्श्वभूमीवर २००६ च्या वनहक्क कायद्याकडे पाहिले पाहिजे. वनग्रामांचे महसुली गावांत रूपांतर करण्याची तरतूद त्यात आहे. ऑगस्ट २००९ मध्ये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास सामूहिक वनहक्काचा दावा मान्य झाल्याचे पत्र मिळाले. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार त्या ग्रामसभेच्या हाती आला. कागदासाठी गेलेला बांबू अशा रीतीने गावाकडे परत आला आणि निस्ताराचा जुना हक्क वेगळ्या, अधिक बळकट रूपात पुन्हा उभा राहिला. बांबू विकावा किती आणि घराकुंपणासाठी राखावा किती, हे आता ग्रामसभेत ठरते. याच कायद्याच्या पाचव्या कलमात जंगल, वन्यप्राणी व जैवविविधता यांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेस दिलेला असून, तेथे राहणाऱ्यांच्या अधिवासाचेही विघातक कृत्यांपासून रक्षण करावे, असे त्याच कलमात जोडले आहे. वाघाचा अधिवास आणि माणसाचा अधिवास यांची राखण एकाच कलमाने एकाच ग्रामसभेकडे सोपविलेली आहे.